झाडाची जखम भरत नाही, झाकली जाते

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात उतारावरच्या झाडांचे बुंधे जरा निरखून पाहा. वणव्याचा काळा व्रण बहुतेकदा चढाच्या अंगाला असतो. घरंगळत आलेला पाचोळा तिथेच अडतो आणि खालून वर चढणारी ज्वाळाही बुंध्याला वळसा घालून त्याच बाजूला रेंगाळते. सालीखालचा कॅम्बियम हा पेशींचा पातळ थर ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मरतो. साल दुप्पट जाड असेल, तर आच आत पोहोचायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन वृक्ष तगतो आणि पातळ सालीचा कांडोळ होरपळतो.

मेलेलं लाकूड पुन्हा जिवंत होत नाही. झाड त्याच्याभोवती रासायनिक भिंत उभारतं आणि कडांनी नवं लाकूड वाढवून जखम झाकत जातं. अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडं उभी चिरून हे दाखवलं. त्यामुळे जखमेवर डांबर किंवा शेण थापू नये. आत ओल कोंडते, आणि बुरशीला तेच हवं असतं. लोंबणारी साल धारदार सुरीने कापून कडा साफ कराव्यात आणि जखम उघडी ठेवावी.

सालीचं पूर्ण कडं काढलं, तर मात्र इलाज अवघड. पानांतली साखर सालीतून मुळांकडे जाते, ती वाट तुटते. पाणी लाकडातून चढत राहतं, म्हणून झाड महिनोन्‌महिने हिरवं दिसतं आणि खाली मुळं उपाशी मरत असतात.

पावसाळ्याच्या अखेरीस सागाच्या पानांची जाळी झालेली पाहून लोक धास्तावतात. ते अळ्यांचं काम. वाढ खुंटते, पण एवढ्याने धडधाकट साग सहसा मरत नाही.

खरा धोका जुन्या व्रणातून शिरलेल्या बुरशीचा. जिवंत लाकूड बाहेरच्या भागात असल्याने पोकळ झाडही डेरेदार राहतं. जून २०२०चं ‘निसर्ग’ किंवा मे २०२१चं ‘तौक्ते’ यांसारख्या वादळात असं झाड मोडलं की दोष वाऱ्याच्या माथी जातो. मोडलेल्या जागी लाकूड भुसभुशीत असेल, तर ते आधीच कुजलेलं होतं. मुळासकट उपटलं असेल, तर मुळं आणि माती तपासावी.

उभ्या झाडाच्या बुंध्याशी कंसासारखी अळंबी दिसली, तर लाकडी हातोडीने ठोकून पाहावं. आवाज पोकळ आला, तर आतलं लाकूड किती उरलंय ते जाणकाराकडून मोजून घ्यावं. ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडात निरोगी कवच ९-१० सेंटिमीटरपेक्षा कमी उरलं असेल, तर ते मोडण्याची शक्यता झपाट्याने वाढते.