क्वार्टरबॅकच्या हातातला जोर : या मोजमापाची पार्श्वभूमी

चौदा वर्षांचा मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा आणि संघाचा डाव चालवणारा खेळाडू, व्हायचं म्हणतो, तेव्हा कुंपणापाशी उभे असलेले पालक आधी एकच गोष्ट बघतात: बॉल किती लांब गेला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी आईबापांना हा खेळ बहुतेक वेळा मुलांमुळेच कळायला लागतो, आणि त्यांच्याही कानावर लवकरच ‘आर्म स्ट्रेंथ’ हा शब्द पडतो. हाताच्या जोराला एवढा मान कसा मिळाला आणि तो कुणाला महागात पडला, हे कळलं की मुलाकडे बघण्याची नजर बदलते, असं मला मनापासून वाटतं.

मुळात अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल पुढे फेकायला परवानगीच नव्हती. घोळक्याने एकमेकांवर तुटून पडायचं आणि बॉल रेटत न्यायचा, असा तो खेळ होता. त्यात पोरं मरायची. १९०५ मध्ये याचा इतका बोभाटा झाला की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि ‘फॉरवर्ड पास’ला मुभा मिळाली. ५ सप्टेंबर १९०६ रोजी विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावी सेंट लुईस युनिव्हर्सिटीच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास टाकला. तो कुणाला झेलता आला नाही, आणि तेव्हाच्या नियमानुसार बॉल थेट समोरच्या संघाकडे गेला. एवढी शिक्षा डोक्यावर असताना पास टाकायला फारसं कुणी धजावत नसे. शिवाय बॉल रग्बीच्या बॉलसारखा फुगीर, एका पंजात नीट मावायचाही नाही.

१९३३ मध्ये एनएफएलने, म्हणजे व्यावसायिक संघांच्या लीगने, डाव सुरू होतो त्या रेषेमागून कुठूनही पास टाकायची सूट दिली आणि १९३४ मध्ये बॉलचा मधला घेर २१¼ ते २१½ इंचांवर आणला. आता बोटं शिवणीवर बसू लागली आणि बॉल भोवऱ्यासारखा फिरत हवा कापत जाऊ लागला. १९३७ मध्ये टेक्सासचा पासबहाद्दर सॅमी बॉ वॉशिंग्टनच्या संघात आला आणि पहिल्याच वर्षी संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं. माझ्या मते हाताच्या जोराचा खरा इतिहास या बारीक झालेल्या बॉलपासून सुरू होतो. त्याआधी तो मोजण्यात काही अर्थच नव्हता.

साठच्या दशकात लांब फेकीचं वेड शिगेला पोचलं. १९६७ मध्ये न्यूयॉर्क जेट्सच्या जो नेमथने एका मोसमात पास टाकून ४,००७ यार्डांची मजल मारली; ४,००० चा टप्पा त्याआधी कुणी गाठला नव्हता. क्वार्टरबॅक म्हणजे आभाळात बॉल भिरकावणारा गडी, ही प्रतिमा याच काळात पक्की झाली.

ग्रेग कुक याच काळातला. १९६९ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, पाचव्या क्रमांकावर घेतलं. उंचापुरा, देखणा, आणि हात असा की बॉल हातातून सुटला की बघत राहावं. तिसऱ्याच सामन्यात, कॅन्सस सिटीविरुद्ध, त्याचा उजवा खांदा दुखावला. काही सामने बाहेर बसून तो परतला आणि इंजेक्शनं घेत मोसम पुरा केला. त्या दुखऱ्या खांद्याने त्याने दर फेकीमागे सरासरी ९.४ यार्ड मिळवले. पहिल्या वर्षाच्या खेळाडूसाठी हा आकडा आजही थक्क करतो. पण खांद्याचे स्नायू फाटलेले होते, हे वेळेवर कळलंच नाही. शस्त्रक्रिया झाल्या, तरी कारकीर्द उभी राहिली नाही. पुढे १९७३ मध्ये तो जेमतेम एका सामन्यात दिसला. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला दुखऱ्या खांद्याने खेळत ठेवलं गेलं, हे वाचताना आजही जीव हळहळतो.

बेंगल्सचे मुख्य प्रशिक्षक पॉल ब्राउन, आणि पासिंगची आखणी बघणारे त्यांचे सहायक बिल वॉल्श. कुकसाठी लांब पल्ल्याचा खेळ तयार होता, आणि १९७० मध्ये त्यांच्या हाती लागला व्हर्जिल कार्टर. हुशार, चपळ, अचूक. पण हातात जोर नाही. वॉल्श यांनी मग मैदानाची लांबी सोडून रुंदीकडे बघितलं. मैदान ५३⅓ यार्ड रुंद आहे, ते सगळं वापरायचं. पाच-सात यार्डांचे पास. क्वार्टरबॅकची पावलं आणि रिसीव्हरची, म्हणजे पास झेलणाऱ्याची, पावलं मोजून जुळवलेली, म्हणजे रिसीव्हर वळेपर्यंत बॉल तिथे येऊन पोचलेला. बेंगल्सने त्या वर्षी आपला गट जिंकला, आणि १९७१ मध्ये ६२.२ टक्के पास पुरे करून, म्हणजे आपल्याच खेळाडूच्या हातात पोचवून, कार्टर लीगमध्ये पहिला आला. त्याच वर्षी मैदानावर बॉल कुठे आहे यावरून सरासरी किती गुण मिळतात, याचं गणित मांडणारा त्याचा एका प्राध्यापकासोबतचा शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. हाताचं उणं त्याने डोक्याने भरून काढलं.

हीच पद्धत पुढे ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ म्हणून ओळखली गेली. वॉल्श १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि ८२ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिलेला जो मोंटाना त्यांनी उचलला. त्याचा हात मध्यम मानला जायचा. त्याने चार सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकले. १९७८ च्या नियमांचाही यात वाटा होता: पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्के मारायला बंदी आली आणि क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमनना हात पसरून अडवायची मोकळीक मिळाली. वेळेवर टाकलेल्या पासाची किंमत त्यामुळे वाढली.

तरी जोरदार हाताची भुरळ ओसरली नाही. क्वार्टरबॅक जॉन एल्वेचा बॉल छातीवर आदळला की रिसीव्हरच्या अंगावर बॉलच्या टोकाचा फुलीसारखा वळ उमटायचा, हे कौतुकाने सांगितलं जाई. २००० मध्ये टॉम ब्रेडीच्या हातात पुरेसा जोर नाही, असा निवड करणाऱ्यांचा शेरा होता. तो १९९ व्या क्रमांकावर गेला. २००७ मध्ये जामार्कस रसेलला ओकलंड रेडर्सने थेट पहिल्या क्रमांकावर घेतलं, कारण तसा हात क्वचितच कुणी पाहिला होता. २०१० मध्ये संघाने त्याला सोडून दिलं. ब्रेडीने सात सुपर बोल जिंकले.

म्हणून जोर निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. जॉश अ‍ॅलनचं उदाहरण दुसऱ्या बाजूचं आहे. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या शेतीच्या गावातला हा किडकिडीत मुलगा. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या कॉलेजने त्याला स्कॉलरशिप देऊ केली नाही. अंगापिंडाने तो नंतर भरला. २०१८ मध्ये बफेलो बिल्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं ते हातामुळेच, पण पहिल्या वर्षी त्याचे जेमतेम ५२.८ टक्के पास पुरे झाले. पाय कुठे टाकायचा, कंबर कधी फिरवायची यावर त्याने मेहनत घेतली आणि २०२० मध्ये तो आकडा ६९.२ वर गेला. चौदा-पंधराव्या वर्षी त्याचा हात बघून कुणी निकाल दिला असता, तर तो साफ चुकला असता.

फेकीतला जोर दंडातून येत नाही. ज्याने शेतात गोफण फिरवली आहे त्याला हे सांगावं लागणार नाही: जमिनीत रोवलेला पाय, मग कंबर, मग धड, खांदा, आणि शेवटी मनगट. वाढत्या वयात दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाजवळची, खांद्यालगतची, वाढीची पट्टी अजून कूर्चेची असते. खांद्यावर फेकीचा मारा झाला की ती कूर्चा दुखावते. बेसबॉलमध्ये मुलांचे खांदे जाऊ लागले तेव्हा लिटल लीगने २००७ पासून फेकी मोजायला सुरुवात केली. फुटबॉलच्या सरावात अशी मोजदाद रूढ नाही. लहान मुलांसाठी लहान आकाराचे बॉल मिळतात, तरी ‘मोठ्या बॉलचीच सवय लागू दे’ म्हणणारे पालक भेटतात. पंजात न मावणारा बॉल ढकलत फेकायची सवय एकदा लागली, की ती मोडायला वर्षं जातात.

एक गोष्ट मात्र पालकांना क्वचितच कुणी सांगतं. खेळ ज्या आखणीच्या खुणांमधून सुरू होतो, त्या ‘हॅश मार्क’ शाळेच्या मैदानावर कडेपासून ५३ फूट ४ इंचांवर असतात आणि एनएफएलमध्ये ७० फूट ९ इंचांवर. म्हणजे बॉल एका खुणेवर असेल, तर पलीकडची कडरेषा शाळेच्या मुलापासून १०६ फूट ८ इंच दूर, आणि व्यावसायिक खेळाडूपासून ८९ फूट ३ इंच. या पलीकडच्या कडेला टाकलेला पास रेंगाळला तर बचाव करणारा मधे येऊन पळवतो. जोराची खरी कसोटी साठ यार्डांच्या फेकीपेक्षा इथे लागते. शाळेतल्या पोराला ती फेक सुमारे सतरा फूट जास्त लांब टाकावी लागते. ज्या प्रशिक्षकाला हे ठाऊक असतं, तो पंधरा वर्षांच्या मुलाला त्या बाजूचा पास देतच नाही. जवळच्या कडेचा देतो आणि रिसीव्हर वळायच्या आधी बॉल सोडायला शिकवतो.