माणूस चालतो कसा? कृत्रिम पाय, कॅलिपर आणि एक्सोस्केलेटन यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

पाय गेलेल्याला पाय बसवायचा, पोलिओने लुळ्या पडलेल्या पायाला कॅलिपरचा आधार द्यायचा, मज्जारज्जूला इजा झालेल्याला बाहेरून सांगाडा, म्हणजे एक्सोस्केलेटन, चढवून उभं करायचं. ही तीन कामं बराच काळ तीन वेगवेगळ्या हातांत होती. आज विद्यापीठातल्या एकाच प्रयोगशाळेत तिन्ही चालतात. माणूस नेमका चालतो कसा, हा प्रश्न तिघांनाही आडवा आला, म्हणून ती एकत्र आली.

दुसऱ्या महायुद्धातून हजारो सैनिक हातपाय गमावून परतले. भारतीय सैनिकांसाठी पुण्यात 1944 साली कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. अमेरिकेत मिळणाऱ्या पायांबद्दल जखमी सैनिकांच्या तक्रारी वाढल्या, आणि 1945 साली सरकारने संशोधनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्यातलं चालण्याचं काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या गटाकडे गेलं. अस्थिशल्यविशारद व्हर्न इनमन आणि स्थापत्य अभियंते हॉवर्ड एबरहार्ट ही त्यातली जोडी. एबरहार्ट यांचा स्वतःचा पाय 1944 साली धावपट्टीच्या चाचणीवेळी अपघातात गेला होता.

या गटाने घाईने नवा पाय बनवायला घेतला नाही. त्यांनी आधी चालणं मोजलं. काचेच्या पट्टीवरून माणसं चालवली आणि खालून पावलांची छायाचित्रं घेतली. कातडी हाडावर सरकते, त्यामुळे बाहेरून केलेली मोजणी फसवी ठरते. म्हणून स्वयंसेवकांच्या कंबरेच्या, मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत पोलादी पिना बसवून हाडं पावलागणिक किती वळतात तेही पाहिलं. हे सोसणाऱ्या स्वयंसेवकांचं ऋण पुढच्या सगळ्या संशोधनावर आहे. टाचेत मऊ रबराची पाचर असलेलं ‘सॅच’ पाऊल याच गटातून पुढच्या दशकात आलं आणि जगभर गेलं.

आपल्याकडे मात्र ते अडलं. सॅच पाऊल बुटात घालायचं, आणि त्याचा घोटा वळत नाही. अनवाणी शेतात जाणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, मांडी घालून जेवणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग? जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1968 साली रबराचं, खऱ्या पावलासारखं दिसणारं, सगळीकडे वाकणारं पाऊल घडवलं. तोच जयपूर फूट. तो लावून पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिलेल्या मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन अनेकांच्या स्मरणात आहेत. बर्कलीने चालणं मोजलं, जयपूरने बसणं-उठणंही हिशेबात धरलं, आणि माझ्या मते दुसरं काम पहिल्याइतकंच मोलाचं आहे. आयआयटी मद्रासने 2022 साली आणलेला ‘कदम’ हा कृत्रिम गुडघा 160 अंशांपर्यंत वाकतो, तोही याच गरजेपोटी.

एक्सोस्केलेटनची वाट वेगळी होती. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने साठच्या दशकात ‘हार्डिमन’ हा अवजड सांगाडा बनवायला घेतला, पण तो पूर्ण अंगावर घालून चालवता आलाच नाही. बेलग्रेडच्या पुपिन संस्थेत मिओमीर वुकोब्रातोविच यांनी 1970च्या आसपास दोन्ही पाय लुळे पडलेल्यांसाठी चालता सांगाडा बनवला. पुढे जपानमध्ये त्सुकुबा विद्यापीठाचा ‘हॅल’ आला, बर्कलीत सैनिकांसाठी ओझं वाहणारा सांगाडा झाला. उभं करण्यापुरतं यश मिळालं, पण मोटर आणि बॅटरीच्या वजनाने घालणारा दमायचाच. त्यातही पावलापाशी वाढलेलं वजन सर्वात महाग पडतं, कारण ते दर पावलाला उचलून पुढे फेकावं लागतं.

म्हणूनच 2015 सालचा कार्नेगी मेलन आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठांचा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या साधनात मोटर नव्हती, बॅटरीही नव्हती. पोटरीमागे एक स्प्रिंग आणि एक यांत्रिक क्लच, दर पायाला अर्ध्या किलोच्या आसपास वजन. पाऊल टेकलं की क्लच धरतो, अंग पुढे जाताना स्प्रिंग ताणली जाते आणि चवड्याने जमीन मागे रेटताना तीच ताकद परत मिळते. पाऊल हवेत असताना क्लच सुटतो, म्हणून घोटा मोकळा राहतो. चालण्याला लागणारी ऊर्जा सुमारे 7 टक्क्यांनी घटली.

पुढे प्रत्येकाच्या चालीप्रमाणे मदत बेतणं सुरू झालं. 2017 साली कार्नेगी मेलनमध्ये मास्कमधून श्वास मोजत (त्यावरून किती ऊर्जा खर्च होते ते कळतं) यंत्राने चालतानाच घोट्याला द्यायची मदत बदलत नेली. मदत बंद असतानाच्या तुलनेत ऊर्जा सरासरी 24 टक्के वाचली. 2022 साली स्टॅनफर्डने हे प्रयोगशाळेबाहेर, रस्त्यावर नेलं. मात्र या तिन्ही प्रयोगांतली माणसं धडधाकट होती. पक्षाघाताने एक बाजू गेलेल्याची चाल दर पावलाला बदलते, आणि मास्क लावून फार वेळ चालणं त्याला झेपत नाही.

कृत्रिम पायाच्या बाजूने एमआयटीत ह्यू हर यांचा गट शस्त्रक्रियेपर्यंत पोचला आहे. गिर्यारोहणात हर यांचे स्वतःचे दोन्ही पाय 1982 साली गेले. त्यांची पद्धत अशी: एक स्नायू आकुंचला की दुसरा ताणला जावा, अशी जोडी उरलेल्या पायात पुन्हा बांधायची, म्हणजे पाय कुठे आहे हे मेंदूला कळत राहतं. 2024 साली या गटाने दाखवलं की अशी शस्त्रक्रिया झालेली सात माणसं, नेहमीच्या पद्धतीने पाय कापलेल्यांपेक्षा, मोटरवाल्या घोट्यावर 41 टक्के अधिक वेगाने चालू शकली. ही जोडणी पाय कापतानाच करता येते, किंवा नंतरच्या शस्त्रक्रियेत.