डॉकिंग स्कोअर आणि आयसी-५०: आकडे दोन, प्रश्नही दोन

औषधी वनस्पतींतील दाहशामक घटकांवरचा संगणकीय शोधनिबंध उघडला की एक तक्ता हमखास भेटतो. डावीकडे घटकांची नावे, उजवीकडे उणे ९.१, उणे ८.४ असे आकडे. आणि खाली निष्कर्ष: ‘हा घटक कॉक्स-२ या (दाह घडवून आणणाऱ्या) विकराला रोखतो.’ तक्त्यात रोखण्याबद्दल खरे तर काहीच नसते.

तो उणे आकडा म्हणजे डॉकिंग स्कोअर. विकराच्या पोकळीत रेणू कसकसा बसू शकेल हे प्रोग्रॅम आजमावतो आणि पकडीचा अंदाज किलोकॅलरी प्रति मोलमध्ये सांगतो. जितका उणे, तितकी पकड घट्ट. आयसी-५० हा मात्र अंदाज नव्हे, मोजमाप आहे. विकराचे काम निम्म्यावर आणायला घटकाची किती संहती लागली, ते नळीत प्रयोग करून काढतात. हा आकडा येतो मायक्रोमोलर किंवा नॅनोमोलर या संहतीच्या एककांत; लहान तितका चांगला.

आता खरी गोम. पकडीच्या ऊर्जेत सुमारे १.४ किलोकॅलरीचा फरक पडला की बंधनाची ताकद दहापट बदलते. ऑटोडॉक व्हिना हा या कामातला लाडका प्रोग्रॅम. त्याच्या निर्मात्यांनीच दिलेली प्रमाण त्रुटी आहे २.८५ किलोकॅलरी. म्हणजे अंदाज शंभरपटीनेही चुकू शकतो. अशा वेळी ९.१ला पहिला आणि ८.४ला दुसरा नंबर देणे मला तरी धाडसाचे वाटते.

त्यात मोठ्या रेणूंना झुकते माप मिळते, कारण अणू जास्त तितके स्पर्श जास्त. रुटिन म्हणजे दोन शर्करा जोडलेले क्वेर्सेटिन हे वनस्पतिजन्य संयुग. तक्त्यात ते वर चढते, पण पोटात गेल्यावर आतड्यातले जिवाणू त्या शर्करा तोडून टाकतात. (हे आयसी-५०लाही दिसत नाही; नळीला आतडे नसते.) उलट उदाहरण अ‍ॅस्पिरिनचे. ते कॉक्समधल्या सेरीन ५३० या अमिनो आम्लावर अ‍ॅसिटिल गट कायमचा चिकटवते. साधे डॉकिंग अशी रासायनिक जोड धरतच नाही, त्यामुळे या चिमुकल्या रेणूची खरी करामत स्कोअरमध्ये उतरत नाही.

मोजलेला आकडाही डोळे मिटून घ्यायचा नाही. हळदीतले कर्क्युमिन स्वतः चमकते, द्रावणात लवकर विघटते आणि भलत्याच प्रथिनांनाही चिकटते. चाचणी प्रकाश मोजून होत असेल, तर विकर थांबला की कर्क्युमिननेच वाचन बिघडवले, हे वेगळी चाचणी करूनच ठरवावे लागते.