बॅटरी गेली की ब्रेक गेला?

खानापुरात चहाच्या गाड्यावर हमखास ऐकू येतं, ‘वायरवाला ब्रेक नको रे बाबा, चोर्ला घाटात बॅटरी गेली तर थेट दरीत!’ तसं नसतं. रस्त्यावरच्या बहुतेक ब्रेक-बाय-वायर गाड्यांत (पेडलचा इशारा वायरीतून ब्रेककडे जातो अशा) वीज गेली तरी पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून सरळ चाकांपर्यंत पोचतो. मर्सिडीजने २००१ साली आणलेल्या प्रणालीतही पुढच्या चाकांसाठी ही सोय होती. पेडल मात्र दगडासारखं होतं, पाय रोवून दाबावं लागतं. पण साध्या गाडीतही इंजिन बंद पडलं की बूस्टरचा (पायाच्या दाबाला जोर देणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि हेच होतं! पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे आमचे बहाद्दर वायरीला भितात, ही गंमतच. एअर ब्रेकच्या ट्रकचं उलट: हवा उतरली की स्प्रिंग मागची चाकं जाम करते.