दोन काचांवरचा समुद्र

फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रेचं 'मोठी लाट' हे छायाचित्र पाहताना नजर आधी लाटेवर जाते. साल १८५७, दक्षिण फ्रान्समधलं सेत बंदर. पुढे खडक, फेसाळत येणारी लाट, वर जडावलेले ढग. पण जरा क्षितिजाच्या रेषेवर थांबा. ढग तिथे कापल्यासारखे संपतात. तो सांधा आहे. आभाळ एका काचेवरचं, समुद्र दुसऱ्या.

असं का करावं लागलं? तेव्हा फोटो काचेवर घेत, आणि त्या काचेवर ओतायचं कलोडियन नावाचं चिकट रसायन निळ्या प्रकाशाला फार लवकर भुलायचं. पाणी आणि खडक नीट उमटेपर्यंत काच उघडी ठेवली, तर निगेटिव्हमध्ये आभाळाची जागा काळीकुट्ट व्हायची आणि छापात तिथे नुसता पांढरा कागद उरायचा. बहुतेकांनी ते चालवून घेतलं होतं. ल ग्रेने ढगांसाठी वेगळी निगेटिव्ह घेतली आणि दोन्ही एकाच कागदावर जुळवून छापल्या. एखादं जमून आलेलं आभाळ त्याने एकाहून अधिक समुद्रांवर वापरलंही. कुणी याला फसवणूक म्हणेल. मला मात्र इथेच चित्रकार दिसतो. यंत्राने दिलं तेवढ्यावर न भागवता, काय दिसायला हवं ते त्याने ठरवलं.

तो मुळात चित्रकारच होता. १८२० चा जन्म, पॅरिसमध्ये चित्रकार पॉल देलारोशच्या हाताखाली शिक्षण. १८३९ मध्ये दागेरची धातूच्या पत्र्यावर फोटो उमटवायची पद्धत जाहीर झाली तेव्हा फोटोग्राफीकडे लोक विज्ञानाची करामत म्हणून पाहत होते. दागेरच्या चित्राची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडच्या टॅलबटच्या कागदी निगेटिव्हवरून प्रती निघत, पण कागदाच्या धाग्यांमुळे बारकावे पुसट होत. ल ग्रेने १८५१ च्या सुमारास कागदाला आधीच मेण पाजायची युक्ती काढली. त्यामुळे बारकावे स्वच्छ उतरू लागले, शिवाय तयार कागद काही दिवस टिकत असल्याने प्रवासात नेता येऊ लागला. त्याच वर्षी सरकारने देशातल्या जुन्या वास्तूंची छायाचित्रं घ्यायला पाच जण पाठवले, त्यात तो होता. फाँतेनब्लोच्या जंगलातली त्याची झाडं याच काळातली. त्या जंगलात चित्रकार ईझल मांडून बसत, हा कॅमेरा घेऊन जाई.

काचेचं काम त्याहून कष्टाचं. काचेवर रसायन ओतायचं, ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत धुऊन काढायची. एन्लार्जमेंटची सोय नव्हती, म्हणजे जेवढा फोटो हवा तेवढीच मोठी काच. हे सगळं समुद्राच्या वाऱ्यात! शिवाय छाप काढल्यावर सोन्याच्या क्षाराने तो जांभळट तपकिरी रंगावर आणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

फोटोग्राफी धंद्याच्या नव्हे, कलेच्या घरात नांदावी, असं त्याने १८५२ मध्येच लिहून ठेवलं होतं. बाजार उलट दिशेने निघाला. १८५४ मध्ये दिस्देरी या छायाचित्रकाराने व्हिजिटिंग कार्डाएवढ्या स्वस्त पोर्ट्रेटचं पेटंट घेतलं आणि पॅरिस त्यामागे धावलं. १८५९ च्या सरकारी कलाप्रदर्शनाच्या इमारतीत छायाचित्रांना जागा मिळाली खरी, पण दार वेगळं ठेवून. फोटोग्राफीने कला-विज्ञानाची मोलकरीण म्हणूनच राहावं, असं कवी बोदलेरने बजावलं तेही त्याच वर्षी.

ल ग्रेचा स्टुडिओ कर्जात बुडाला. १८६० मध्ये पॅरिस सोडून तो कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमाच्या बोटीवर चढला. सिसिलीतल्या पालेर्मोत इटलीचा क्रांतिकारक गॅरिबाल्डी याचं पोर्ट्रेट घेतलं, पुढे माल्टात द्यूमाशी त्याची फारकत झाली आणि ल ग्रे सीरियामार्गे इजिप्तला पोहोचला. परत कधी आला नाही. १८८४ मध्ये कैरोतच गेला.

३५, बुलव्हार दे काप्युसीन हा त्याच्या स्टुडिओचा पत्ता. त्याच इमारतीत पुढे नादार या छायाचित्रकाराने स्टुडिओ थाटला, आणि सरकारी प्रदर्शनाला कंटाळलेल्या मोने, रन्वार, देगा या चित्रकारांनी १८७४ मध्ये आपलं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन तिथेच भरवलं. ल ग्रे तेव्हा इजिप्तमध्ये चित्रकला शिकवून पोट भरत होता.