वस्तूंची कविता आणि यादी: थोडी पार्श्वभूमी

मालमत्तेवरची कविता वाचताना आपण आधी कवी वस्तूंच्या बाजूचा की विरोधातला, ते शोधायला लागतो. माझ्या मते आधी पाहावी ती यादी. या प्रकारच्या कवितेचं ते सर्वांत जुनं हत्यार आहे आणि अर्थ बराचसा तिच्या मांडणीतच ठरतो.

होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यात, नवव्या सर्गात, रुसलेल्या अकिलीज या योद्ध्याला वळवण्यासाठी सेनापती राजा अगामेम्नॉन नजराणा मोजून दाखवतो: सात तिवया, दहा टॅलंट (जुनं ग्रीक वजन) सोनं, वीस हंडे, बारा घोडे, सात स्त्रिया आणि पुढे बरंच काही. (स्त्रियाही त्याच मोजदादीत, हे विसरून चालत नाही.) अगामेम्नॉनचा दूत म्हणून गेलेला ओडिसियस अकिलीजपुढे हीच यादी जवळजवळ शब्दशः म्हणतो, ‘त्यानं मला मोठा मानून नमावं’ हा अगामेम्नॉनचा शेवट तेवढा शहाणपणानं गाळतो. एवढा ऐवज दोनदा ऐकलेला असतो, म्हणूनच अकिलीजचा नकार जबरदस्त वाटतो.

रोमन कवी होरेसनं यादीला ‘नाही’ जोडलं. इ. स. पू. 23च्या सुमारास आलेल्या त्याच्या एका ओडमध्ये (ओड म्हणजे एखाद्या विषयाला वाहिलेलं भावकाव्य) ‘माझ्या घरात हस्तिदंत नाही, सोनेरी छत नाही’ असं सुरू होतं. साधेपणा सांगायचा, पण ओळीत झळकतं ते नाकारलेलं वैभवच!

इंग्रज कवी अलेक्झांडर पोपच्या ‘द रेप ऑफ द लॉक’ या उपहासात्मक काव्याच्या 1714च्या आवृत्तीत शृंगारमेजावरचं सामान एका ओळीत येतं: पफ, पावडरी, पॅच (चेहऱ्यावर लावायच्या शोभेच्या टिकल्या), बायबल, प्रेमपत्रं. मूळ ओळीत ‘प’ आणि ‘ब’चा अनुप्रास आहे. बायबल त्या नादात पावडरींच्या रांगेत जाऊन बसतं आणि कवीला टीकेचा एक शब्दही खर्चावा लागत नाही.

वर्ड्सवर्थचं 1807 साली छापलेलं ‘द वर्ल्ड इज टू मच विथ अस’ हे सुनीत कमावणं-उधळणं यावर चिडतं, पण विकत घेतलेली एकही वस्तू नावानं सांगत नाही. सुनीतातलं विचाराचं नेहमीचं वळण नवव्या ओळीच्या सुरुवातीला यायचं, ते इथे ओळीच्या मध्येच उसळतं.

चिलीचा कवी नेरूदा याच्या 1956च्या संग्रहातली मोज्यांवरची ओड यादी उलटीच करते. वस्तू एकच, लोकरी मोज्यांचा जोड. पण ते घातलेले पाय मासे होतात, शार्क होतात, काळे पक्षी होतात, तोफा होतात. ओळी इतक्या अरुंद की एक जोड पानभर उतरत जातो. मोजे जपून ठेवायचा मोह कवीला होतो. पण मोह आवरून तो ते सरळ पायात चढवतो.