दारूच्या शिंगावरचा प्राणी: शरभ की मकर?

मोगल काळातले हस्तिदंती रंजकदान, म्हणजे बंदूक पेटवायची बारीक दारू ठेवायचे भांडे, लांबून पाहिले तर मोठ्या कोळंबीसारखे दिसते. वीतभर लांबी, मध्ये फुगवटा, टोकाकडे निमुळता होत गेलेला बाक. जवळ गेल्यावर कळते की अंगावर बोट टेकवायलाही जागा रिकामी सोडलेली नाही. सिंहाने हरणाची मान धरली आहे, हरणाच्या पोटाखाली ससा दबलेला आहे, त्याच्या पाठीवरून पक्षी वर निघाला आहे. एकाचे शेपूट कुठे संपते आणि दुसऱ्याचा पाय कुठे सुरू होतो ते चटकन उमगत नाही. निमुळत्या टोकाला काळविटाचे डोके आणि बाहेरच्या अंगाने चापाची एक धातूची पट्टी. चाप दाबला की बूच उचलले जाई आणि चिमूटभर रंजक बंदुकीच्या कानाशी, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या भोकाशी, पडे. सोडला की तोंड बंद.

म्हणजे या प्राण्याला काम होते. तोंड उघडायचे, ओकायचे, मिटायचे. शिंगावरच्या अद्भुत प्राण्यांचे मूळ पुराणांत शोधायला सगळेच धावतात. माझ्या मते ते आधी शिंगाच्या तोंडाशी शोधावे.

पण त्याआधी शब्दांचे बघू. ‘दारूचे शिंग’ म्हटले की आज ऐकणारा हसतो आणि शिंगातून काय पीत असतील याचा अंदाज बांधतो. जुन्या मराठीत दारू म्हणजे तोफेची दारू. दारूखाना, दारूगोळा हे शब्द तिथलेच. शिंगात नळीत ठासायची दारू असे. रंजकदानात असे तिच्यापेक्षा बारीक दळलेली रंजक, जी कानाशी घालून जामगीने, म्हणजे धुमसत्या वातीने, पेटवायची. दोन्ही भांडी एकाच कमरपट्ट्याला लटकत आणि दोन्हींचा घाट शिंगाचाच, म्हणून संग्रहालयांच्या पाट्या लिहिणाऱ्यांनी दोघांना सरसकट ‘बारूददान’ करून टाकले. माझा आक्षेप यासाठी की बारीक, दाट कोरीवकाम बहुतेक या लहान भांड्यावरच भेटते. मोठे शिंग आपटायचे, घासायचे, बैलाच्या पाठीवरून पडायचे. त्यावर फार तर चार रेघा, एखादे फूल आणि पितळेची कडी. रंजकदान हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन वापरायचे. कारागिराने जीव ओतला तो तिथे.

हस्तिदंत हे शिंग नव्हे, दात आहे. तरी बाक शिंगाचाच राहिला. म्हशीचे शिंग हलके, त्यात दारू सर्दावत नाही आणि घासले तरी ठिणगी पडत नाही, म्हणून ते वापरात आले. पुढे श्रीमंतांनी हस्तिदंत, शिंपला, लाकूड, कातडे असे काहीही वापरले तरी घाट मोडला नाही. गुजरातेत लाकडावर शिंपल्याच्या चकत्या बसवून दारूची भांडी करत. तीही जहाजांतून युरोपातल्या दरबारांपर्यंत पोहोचली.

तोफा आणि बंदुका या देशात कशा आल्या, १५२६ च्या पानिपतावर काय झाले, हे पुन्हा सांगत बसत नाही. शिंगाच्या कहाणीला खरा रंग चढतो तो पुढच्या शंभर वर्षांत, बंदूक लढाईइतकीच शिकारीचीही झाल्यावर. मोगल बादशहांच्या चित्रांत काळविटावर नेम धरलेली लांब नळीची बंदूक दिसते. ती इतकी जड की पुढे बसलेल्या माणसाच्या खांद्यावर टेकवलेली. काळवीट हे राजाचे सावज. म्हणून रंजकदानाच्या टोकाला काळविटाचे डोके आले, असे सोपे उत्तर नेहमी दिले जाते. निम्मे ते बरोबरही आहे. उरलेल्या निम्म्याचे काय? अंगावर एकमेकांतून निघणारे, एकमेकांना गिळणारे प्राणी शिकारीच्या यादीत बसत नाहीत. त्याच काळातल्या चित्रांत अनेक प्राणी गुंफून एकच हत्ती किंवा उंट उभा करायची रीत होती. बोस्टनच्या संग्रहातल्या, साधारण १५९०-१६०० च्या एका मोगल गालिच्यावर पंख असलेला, सिंहाच्या अंगाचा, हत्तीच्या तोंडाचा एक राक्षसी प्राणी सात काळे हत्ती घेऊन चालला आहे आणि वरून सीमुर्ग त्याच्यावर झडप घालतो आहे. इराणी पक्षी आणि हिंदी गजसिंह एकाच गालिच्यावर विणले जात होते. दात कोरणारा कारागीर याच हवेत वाढलेला.

आता दक्षिणेकडे येऊ, कारण तोंडाचा मुद्दा इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. मुलूख मैदान तोफ विजापूरची म्हणून प्रसिद्ध असली तरी ती १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. तिथून परांड्याला गेली आणि १६३२ मध्ये विजापूरला. लांबी साडेचार मीटरच्या आसपास, वजन ५५ टन. तिचे तोंड म्हणजे आ वासलेला जबडा, आणि दातांत चिरडला जात असलेला हत्ती. गोळा याच जबड्यातून सुटणार. हा जबडा कुणी सिंहाचा म्हणतात, कुणी मगरीचा, अलीकडे कुणी शरभाचा, म्हणजे पुराणांतल्या सिंहाला मारणाऱ्या अद्भुत पशूचा. ओतणाऱ्याला इतके नेमके नाव द्यायचे होते की नाही, मला शंका आहे. त्याला गिळणारे आणि ओकणारे तोंड हवे होते. देवळाच्या अभिषेकाचे पाणी बाहेर टाकणारी मकरमुखी (मकर म्हणजे मगरीसारखा काल्पनिक जलचर) पन्हळ दख्खनेत शेकडो वर्षे होती. पाण्याच्या तोंडाशी मकर, विस्तवाच्या तोंडाशीही तोच. हिंदी बंदुकांच्या नळ्यांची टोकेही वाघाच्या किंवा मकराच्या जबड्यासारखी घडवलेली आढळतात. रंजकदान या रांगेतले सर्वांत धाकटे भावंड. पन्हळ, तोफ, नळी, रंजकदान: चौघांचा प्राणी एका जागी बसतो, जिथून आतले बाहेर येते तिथे.

(मुलूख मैदानाचा १८५४ मध्ये लिलाव पुकारला गेला आणि बोली आली १५० रुपयांची. तो व्यवहार पुढे रद्द झाला म्हणून तोफ अजून जागेवर आहे. रंजकदानांना असा कुणी अडवणारा भेटला नाही, पण ते पुढे.)

शरभाचा गुंता इथून सुरू होतो. गेल्या काही वर्षांत मराठीत किल्ल्यांवर, शस्त्रांवर, जुन्या भांड्यांवर सिंहासारखे पण सिंह नसलेले काही दिसले की त्याला शरभ म्हणायची रूढी पडली आहे. एका पाटीवर मी ‘शरभमुखी बारूददान’ असे वाचले. भांडे रंजकदान होते आणि मुख हरणाचे. दोन शब्द आणि दोन्ही चुकलेले, असे म्हणून मी पुढे गेलो. नंतर कोश उघडून बसलो आणि वाटले, पाटी लिहिणारा नकळत बरोबर तर नव्हता?

कारण शरभ हा शब्द मुळात सिंहाकडे जातच नाही. शुक्ल यजुर्वेदात बोकडाच्या संदर्भात रानातल्या शरभाचा उल्लेख येतो. पाली जातकात सरभ हे सरळसरळ हरीण आहे. मेघदूतात हिमालयातले शरभ ढगावर उडी घ्यायला जातात आणि स्वतःचेच हातपाय मोडून घेतात. डोंगरातला, उंच उड्या मारणारा, शिंगांचा काहीतरी प्राणी, एवढेच चित्र मनात उभे राहते. महाभारतात मात्र तो आठ पायांचा, सिंहाला मारणारा होतो. त्याच्या पुढे शैवांनी नरसिंहाला आवरणारे शिवाचे रूप म्हणून त्याला पंख दिले, नखे दिली, आणि बाराव्या शतकातल्या चोळ देवळांत त्याची मूर्ती बसली. म्हणजे हरणापासून निघालेला शब्द सिंहाच्या मारेकऱ्यापर्यंत आला. महाराष्ट्रात तर त्याने हत्ती धरले. जंजिऱ्याच्या दरवाजावर पंज्यांत हत्ती पकडलेला जो पशू आहे, त्याला जुने लोक वाघ म्हणत, नंतर सिंह, आता शरभ. आठ पाय कुठे आहेत, असे विचारले की विषय बदलतो.

शिल्पशास्त्राकडे यासाठी चांगला, रोकडा शब्द होता: व्याल. बाराव्या शतकातल्या एका ग्रंथात व्यालांचे १६ प्रकार दिले आहेत आणि ते मुख्यतः डोक्यावरून ठरतात. अंग साधारण सिंहाचे, डोके सिंह, हत्ती, घोडा, मेंढा, पोपट यांपैकी कुणाचे. मिश्र प्राणी मोजायची इतकी सोपी रीत हाताशी असताना आपण एकच नाव सगळ्यांना चिकटवतो, हे मला पटत नाही. शेजारी कर्नाटकातही गोंधळ कमी नाही. तिथल्या राज्यचिन्हाच्या दोन बाजूंना उभा असलेला हत्तीच्या डोक्याचा सिंह कुणी गजकेसरी म्हणतो, कुणी शरभ. मधल्या गंडभेरुंडाबद्दल, म्हणजे दोन डोक्यांच्या पक्ष्याबद्दल, तेवढे एकमत आहे. विजयनगरच्या सोळाव्या शतकातल्या सोन्याच्या नाण्यांवर तो चोची-पंज्यांत हत्ती धरून आहे, आणि वऱ्हाडात गाविलगडच्या दरवाजावरही तोच. त्या दरवाजाचे नाव मात्र शार्दूल, म्हणजे वाघ! नाव एकाचे आणि शिल्प दुसऱ्याचे, ही आपली जुनीच सवय दिसते.

मग त्या पाटीचे काय? हरणाचे मुख म्हणून ‘शरभ’ लिहिले असते तर यजुर्वेद आणि जातकाच्या आधाराने ते तडीस गेले असते. पण लिहिणाऱ्याच्या मनात किल्ल्याच्या दरवाजावरचा शरभ होता, हे बाजूच्या मजकुरातल्या ‘शौर्याचे प्रतीक’ या शब्दांवरून कळतच होते. मी स्वतः अशा वेळी ‘मिश्रप्राणी’ लिहितो आणि तोंडाशी जबडा असेल तर मकर म्हणतो. हा माझा कल आहे हे मान्य. शरभवाल्यांना तो रुचत नाही.

युरोप-अमेरिकेतल्या शिंगांची तुलना नेहमी पुढे केली जाते, म्हणून दोन वाक्ये. तिथे बैलाचे शिंग खरवडून पातळ करत, सुरीच्या टोकाने रेघा ओढून त्यांत काजळी भरत, आणि त्यावर नकाशे, मालकाची नावे, आरसा-कंगवा घेतलेली मत्स्यकन्या, ब्रिटिश राजचिन्हातले सिंह आणि एकशिंगी घोडा येत. अमेरिकेच्या १७९२ च्या कायद्यानुसार रायफलवाल्या नागरी शिपायाने आपले शिंग, २० गोळ्या आणि पाव पौंड दारू घेऊन हजर व्हायचे होते. तिथला प्राणी शिंगाच्या अंगावर काढलेला आहे. आपल्याकडे भांडेच प्राणी होते.

रंजकदानाला पहिला धक्का बसला तो कागदी काडतुसाने. अठराव्या शतकात गारद्यांच्या, म्हणजे कवायती पायदळाच्या, पलटणी उभ्या राहिल्या, शिपाई काडतूस दाताने फोडून त्यातलीच थोडी दारू कानाशी टाकू लागला आणि कमरेला तोसदान, म्हणजे काडतुसांची पिशवी, आले. १८४० नंतर टोपीची बंदूक (चाप ओढला की घोडा आपटून पेटणारी छोटी धातूची टोपी बसवलेली) पसरल्यावर रंजकेची गरजच उरली नाही. ठासणीच्या बंदुका शिकाऱ्यांकडे आणि रानातल्या लोकांकडे राहिल्या. त्यांचे शिंग साधे, कामाचे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवाना आला आणि घराघरांतली बंदूक निघून गेली. शिंग खुंटीवर राहिले, कारण त्याला परवाना लागत नव्हता.

इथून वस्तूचे भाग्य पालटले. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात हिंदी शस्त्रे मांडली गेली, १८८० मध्ये तिथेच त्यांची सचित्र यादी छापली गेली, आणि वस्तू विकणाऱ्याला भाव कशाला येतो ते कळले. ‘मोगल’ शब्दाला भाव होता, ‘सतरावे शतक’ला होता. बहुतेक नगांवर ना तारीख असते ना कारागिराचे नाव. त्यामुळे घाटावरून काळ ठरतो, आणि तो क्वचितच अलीकडे सरकतो. दख्खनी नगही मोगलांच्या खात्यात जमा झाले असावेत असे मला वाटते. ज्या मुलखात तोफेच्या तोंडी हत्ती चिरडणारा जबडा ओतला गेला, तिथला दात कोरणारा कारागीर हात बांधून बसला असेल हे पटत नाही.

पुढे दातच अडचणीचा झाला. भारतात १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९८६ ची दुरुस्ती यांनी हत्तीच्या दाताचा व्यापार बंद केला. १९७५ पासून आशियाई हत्ती वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या सर्वांत कडक यादीत आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही ते वेगळेच. ब्रिटनमध्ये २०१८ चा कायदा जून २०२२ पासून लागू झाला. आता तिथे पूर्ण हस्तिदंती रंजकदान विकायचे तर ते १९१८ पूर्वीचे आणि असाधारण महत्त्वाचे असल्याचा दाखला लागतो. साहजिकच अर्जातले वर्णन लांबते. पूर्वी ज्याला ‘शिकारीची दृश्ये’ एवढ्यावर सोडून देत, त्यातला एकेक प्राणी आता मोजला जातो: किती सिंह, किती हरणे, कोण कुणाच्या जबड्यातून निघाले आहे, टोकाचे डोके काळविटाचे की मकराचे.